नकाराची पोच मिळणेबाबत

दिनांक : ८ जुलै २०२५

प्रति,
मा. प्लेसमेंट अधिकारी,
पदव्युत्तर रसायनशास्त्र विभाग,
विज्ञान महाविद्यालय, पेण, जि. रायगड

विषय : मी नाकारलेली नोकरी माझ्याकडून काढून घेऊन योग्य व्यक्तीस देणेबाबत.

संदर्भ : १) माझे फोनवरचे दोन नकार. २) माझा ई-मेलवरचा नकार. ३) माझा तोंडावरचा नकार.

महोदय,

मी, निकेश हिरामण घरत, राहणार हमरापूर, एम.एस्सी. नुकताच उत्तीर्ण, आपणास विनंतीपूर्वक कळवतो की मला एक नोकरी हवी होती, ती मिळाली आहे. माझी तक्रार दुसरीबद्दल आहे.

१. मे महिन्यात रोह्याच्या एका कंपनीने मला केमिस्ट म्हणून घेतले. मी फोनवर "हो सर, येतो" असे स्पष्ट बोललो. त्या होकारावर कंपनीने बाकीच्या मुलांना "पुढच्या वेळी बघू" असे कळवून टाकले. जूनमध्ये पाताळगंगेच्या दुसऱ्या एका कंपनीनेही मला निवडले. तिथली मुलाखत मी रोह्याच्या आधीच दिली होती व त्यांचे उत्तर येणार नाही अशी माझी खात्री होती. ही खात्री त्या मुलाखतीतील माझ्या उत्तरांवर आधारित होती.

२. पाताळगंगेचा पगार जास्त आहे. तरी आमच्या घरी या विषयावर चर्चा होऊ शकली नाही. आमचा गणपतीचा कारखाना आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक आषाढातच घरचा लाकडी पाट आणून ठेवते, पाटामागे खडूने नाव लिहिते, आणि त्या पाटावर बसलेली मूर्ती त्याची होते. मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोणी दुप्पट देतो म्हणाला तरी ती हलत नाही. मी विषय काढला तेव्हा आई, श्रीमती नंदा घरत, मूर्तीचे डोळे आखत होती. तिने विचारले, "रोहेवाल्यांना हो बोललास ना?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "मग खडू लागला. बाजूला हो, उजेड अडतोय."

३. त्यानुसार मी पाताळगंगेचे एचआर अधिकारी श्री. सुशील धारप यांना फोन करून नकार कळवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि कंपनीची बस हमरापूर फाट्यापर्यंत आणली. मी ई-मेलने पुन्हा नकार दिला. त्यावर रात्रपाळी रद्द झाली आणि कँटीन फुकट झाले. (कँटीनचा मेनू मी दोनदा वाचला, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. बुधवारी सुरमई आहे.) नंतर धारप साहेबांचाच फोन आला. मी शब्द बदलून, पण अर्थ तोच ठेवून उत्तर दिले, तर 'ज्युनिअर केमिस्ट'चा मी 'सीनियर केमिस्ट' झालो. मी अद्याप एकही दिवस काम केलेले नाही. याच वेगाने नकार देत राहिलो तर गणपतीपर्यंत मी प्लँट मॅनेजर होईन, आणि मला बॉयलर कुठून चालू करतात ते माहीत नाही.

४. या प्रकाराची वाच्यता गावात झाली. आमचे पांडूकाका जवळच्याच एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. त्यांनी बढतीच्या अपेक्षेने सुपरवायझरला एकाच आठवड्यात तीनदा "नाय" असे सांगितले. ते सध्या आमच्याकडे रंग ढवळतात व माझ्याशी बोलत नाहीत.

५. काही लपवलेले बरे नाही, म्हणून मी रोह्याच्या कंपनीलाही फोन करून सर्व हकीकत सांगितली. तेथील साहेबांनी ती मला पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, "तिकडे जास्त मिळतंय, बस दारात येतेय, आणि तुम्ही इकडे येताय? ठीक आहे. येताना डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन या." ते मी काढले आहे.

६. गेल्या रविवारी धारप साहेब स्वतः आमच्या कारखान्यात आले. मला वाटले, आता नकार हातात घेऊनच जातील. परंतु ते मूळचे पेणचे, त्यांच्या घरचा गणपती वर्षानुवर्षे आमच्याकडूनच जातो, आणि ते पाट ठेवायला आले होते. पाट ठेवता ठेवता त्यांना लोडाला टेकलेली एक मूर्ती आवडली. आई म्हणाली, "ती रघू मास्तरांची हाय."
"मास्तरांना दुसरी द्या ना. मी वर काहीतरी देतो."
आईने मूर्तीवरचा कुंचला न उचलता विचारले, "दादा, तुमच्या पाटावरचा गणपती उद्या मी दुसऱ्याला दिला, तर चालंल?"
"छे छे! असं कसं चालेल!" असे म्हणून साहेबांनी खडू मागून घेतला आणि स्वतःचे नाव पुन्हा एकदा जाड केले.
ही संधी साधून मी म्हणालो, "सर, माझंही तेच आहे. माझ्यावर रोह्याचा खडू लागलाय." साहेब गहिवरले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अशाच घरातला मुलगा आम्हाला पाहिजे!" आणि राहायला खोली देऊ केली.
खोली नाकारून मी विचारले की माझा नकार नोंदवायचा तरी कसा. त्यावर ते म्हणाले की कॉम्प्युटरमध्ये नकाराची चौकट आहे, पण ती कॉलेजच्या पत्राशिवाय उघडत नाही. तोपर्यंत मी 'चर्चा सुरू' या रकान्यात राहीन.

७. मी त्या रकान्यात ऐसपैस बसलो असताना पाताळगंगेच्या प्रतीक्षा यादीत पहिली असलेली माझी वर्गभगिनी कु. करिश्मा, राहणार गागोदे बुद्रुक, बाहेर उभी आहे. प्रॅक्टिकलला ब्युरेट कसा धरायचा हे मला तिनेच शिकवले, त्यामुळे ती जागा मुळात कोणाची याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिला वापीच्या एका कंपनीने बोलावले असून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचे आहे. मी तिला सुचवले की तूर्त वापीला हो म्हण, इकडचे जमले की सोडून दे. ती म्हणाली, "तू स्वतः रोह्याला चिकटून बसलास आणि मला पळायला शिकवतोस व्हय रे? मी हो बोलले की गेले. तुझा नकार कधी लागतोय तेवढं सांग." म्हणून हा अर्ज लिहायला घेतला. वापी फार लांब आहे, असे तिचे मत आहे. माझे मत तिने विचारलेले नाही, परंतु तेही तेच आहे.

८. सबब विनंती की,
(अ) माझा नकार हा नकारच असून ती घासाघीस नाही, असे पत्र आपल्या सहीशिक्क्याने द्यावे;
(ब) यादी पक्की करण्यासाठी धारप साहेब शुक्रवारी सकाळी आपल्या कार्यालयात येत आहेत, तेव्हा ते पत्र त्यांच्या हातात द्यावे व मला समोर बोलावू नये. मी समोर दिसलो की ते काहीतरी वाढवतात;
(क) माझ्या नावाच्या जागी कु. करिश्मा हिचे नाव शुक्रवारी दुपारपर्यंत लागेल असे पाहावे.

पत्राचा उपयोग न झाल्यास सोबतचे क्र. ३ वापरावे.

आपला (आणि १ ऑगस्टपासून रोह्याचा) नम्र,
निकेश हिरामण घरत

सोबत :
१) चारही नकारांचा तपशील, प्रत्येकावर मिळालेल्या बढतीसह.
२) डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत. ('डोक्यात दोष आढळला नाही.')
३) लाकडी पाट, नग एक, रिकामा. मागे खडूने 'करिश्मा' असे लिहिले आहे. कृपया धारप साहेबांच्या खुर्चीसमोर, नाव दिसेल असा उभा ठेवावा. शिपायास पुसू देऊ नये.