कोऱ्या दगडाचं गाणं

लॉरेल लिक, केंटकी
१५ ऑगस्ट १९६७

प्रिय ड्रेमा,

गेल्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, मी अर्धी दाढी झालेल्या तोंडाने गावातून चालत घरी आलो. एका गालावर साबण तसाच वाळलेला. पोस्टाच्या पायरीवर बसलेल्या बायका वळून बघू लागल्या. एकीने विचारलंसुद्धा, "एनिस भाऊ, अर्लिसशी भांडण झालं का?" आणि तुझा बाप, जो खाणीच्या फाटकावर बंदुकांसमोर दोन-दोन तास बोलला, तो मान खाली घालून पुढे निघून गेला. असं का झालं ते सांगायला बसलोय. याआधी चार पत्रं लिहून चुलीत घातली. सगळी भाषणं झाली होती. हे तसं होऊ नये म्हणून जपून लिहितोय.

मे महिन्यात चर्चच्या कारकुनाचं पत्र तुला नॅशव्हिलला मिळालं असेल. तुझं नाव सभासदांच्या यादीतून काढल्याचं त्यात दोन ओळींत लिहिलं होतं. जे लिहिलं नव्हतं ते मी लिहितो. ते माझ्या बोलण्यामुळे झालं. हार्गिस फ्यूगेटने पोस्टात मला सगळ्यांदेखत गाठलं होतं. "तुमच्या लेकीची पहिली रेकॉर्ड आली म्हणे. आपल्या चर्चमधली ओळ द्यायची रीत तिने दारूच्या गुत्त्यातल्या, नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेटीत घातली. आता पिणारे ओळ उचलतील, एनिस भाऊ." मी पेटलो. चर्चच्या शनिवारच्या सभेत पाऊण तास बोललो. आपले आजे-पणजे पुस्तकं नसताना, दिवा नसताना, एकाने ओळ टाकायची आणि सगळ्यांनी ती उचलून लांबवत न्यायची अशी देवाची स्तुती करत आले, आणि ती माझ्या पोटच्या पोरीने बाजारात मांडली, असं म्हणालो. बायका रडल्या. म्हातारा गोबेल उठून माझा हात धरून हुंदके देत राहिला. मतं घेतली तेव्हा एकही हात खाली राहिला नाही. माझा सगळ्यात आधी वर गेला होता.

आणि ड्रेमा, मी ती रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. युनियनच्या कचेरीत पोरं न वाचलेल्या पुस्तकांना नावं ठेवत तेव्हा त्यांना बाहेर काढणारा मी. पेटी भरून टपालाने पुस्तकं मागवणारा, आधी वाचा मग बोला म्हणून टेबलावर मूठ आपटणारा मी. तुझं एप्रिलमधलं पत्रसुद्धा फोडलं नव्हतं. पाकिटावर त्या कंपनीचा शिक्का पाहिला आणि पिठाच्या डब्यामागे टाकून दिलं.

तर अर्लिस न्हाव्याच्या दुकानात त्या दुपारी आम्ही चौघं होतो. मी खुर्चीत, बाकावर खाणीतले दोघं भाऊ प्लेझ आणि एल्झी, आणि अर्लिस स्वतः. रेडिओ चालू होता. मी बंद कर म्हणणार तेवढ्यात अर्लिसने वरच्या ओठावर साबण फासला. रेडिओवरचा माणूस म्हणाला, "मंडळी, आता जी रेकॉर्ड लावतोय तिच्यात बिघाड नाही. आमचं स्टेशनही बंद पडत नाही. ती मुलगी मधेमधे गप्प राहते, तेवढं चालवून घ्या आणि कृपा करून फोन करू नका." प्लेझ हसला. "पैसे कमी पडले असतील, अर्धंच गायली." मग तुझा आवाज आला. सोबत नुसती एक गिटार, तीही लांबून.

*टेकडीवर एक दगड माझा, कोरं त्याचं कपाळ*

भरभर, सपाट, एका दमात, जशी चर्चमध्ये मी देतो तशी ओळ तू दिलीस. आणि थांबलीस. दुकानात काही नाही. फक्त पंखा. आणि मग बाकावरून एल्झीने ती ओळ उचलली. मुद्दाम नाही गं, जांभई यावी तशी. त्याच्यामागून प्लेझ, जो आत्ताच हसला होता. अर्लिसने वस्तरा हवेत धरला आणि डोळे मिटून तोही लांबवू लागला. तू पुढची ओळ दिलीस.

*ओळ दिली मी, वाट बघते, उतरून गेली सकाळ*

"अर्लिस, वस्तरा लांब घे, भाऊंचा गळा हलतोय," असं एल्झी ओरडला तेव्हा मला कळलं की मीसुद्धा गातोय. ज्या गाण्यावरून तुला बाहेर काढलं, त्याला मी खुर्चीत बसून उत्तर देत होतो. गाणं संपलं. शेवटच्या ओळीनंतर तू फार वेळ गप्प राहिलीस, तिथे मात्र कुणालाच काय गायचं ते कळेना. रेडिओवाल्याने एक पत्र वाचून दाखवलं. ओहायोच्या कारखान्यात गेलेल्या कुणा आपल्याच बाईचं. "भांडी घासताना मी उत्तर देते, आणि भिंतीपलीकडची शेजारीणही देते. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही." प्लेझने टोपी काढली आणि म्हणाला, "अर्धं नाही गायली ती. अर्धं आपल्याकडे ठेवलंय." मग माझ्याकडे बघून, खालच्या आवाजात, "हिलाच बाहेर काढलं ना आपण?" मी खुर्चीतून उठलो.

घरी येण्याआधी मी किराणा दुकानात जाऊन ती रेकॉर्ड हातात घेतली. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिणाऱ्याचं नाव असतं. तिथे तुझं नाव असेल असं वाटलं होतं. तिथे होतं, डेल्सी नेपियर. तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली. एकवीस वर्षं मी तिच्या समोर बसून जेवलो. तिने गाणं रचलं हे मला एका काळ्या चकतीवरून कळावं! मी तिथे फळीला धरून उभा राहिलो. दुकानदारीण म्हणाली, "पाणी देऊ का, भाऊ?" मी रेकॉर्ड परत फळीवर ठेवली आणि घरची वाट धरली.

मग तुझं पत्र फोडलं. पिठाने पांढरं झालेलं. तू सगळं लिहिलं होतंस. रेडिओवाल्यांनी आवाज मधेच जातो म्हणून रेकॉर्डी परत पाठवल्या, तिथल्या गाण्यांच्या धंद्याच्या पेपराने अपुरी रेकॉर्ड म्हणून टिंगल केली, कंपनीचा माणूस म्हणाला, या रिकाम्या जागांत व्हायोलिन भरू, तू म्हणालीस, ती जागा रिकामी नाही, आईची आहे, आणि ती भरणार असाल तर माझं नाव काढा. आणि खाली, "डॅडी, लोक काय म्हणतील ते म्हणोत, तुम्ही एकदा ऐका. आई कुणासाठी थांबायची ते तुम्हाला कळेल." मला नाही कळलं, ड्रेमा. पत्र तीनदा वाचूनही कळलं नाही. म्हणून मी रोडा मावशीकडे गेलो.

तिला आता दिसत नाही, पण ओसरीत बसून शेंगा सोलते. खोऱ्यातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली. मी विचारलं, डेल्सी स्वयंपाकघरात गाता गाता मधेच थांबायची, आठवतं का? मला वाटायचं ती शब्द विसरते. मावशीने शेंगांची टोपली बाजूला सारली. म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीस रे एनिस, आणि हे वाचता आलं नाही? ती ओळ द्यायची. घरात तू असलास की द्यायची. तू कधी उचलली नाहीस."

हे सगळं जिथून सुरू झालं, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. १९४८ चा संप. मी तीन परगणे पलीकडे सभा घेत होतो, आणि इथे तुझा भाऊ जन्मला, श्वास न घेता. रोडा मावशीने आणि तुझ्या आईने त्याला टेकडीवर पुरलं, ओढ्यातला एक दगड डोक्याशी लावला. निरोप मला दुसऱ्या दिवशी मिळाला होता. मी अकराव्या दिवशी आलो. माझ्याविना संप फुटेल असं मला वाटत होतं. आलो तेव्हा तिने विचारलं, सप्टेंबरात टेकडीवर आपल्या गेलेल्या माणसांची स्मृतिसभा होते, त्यात याच्यासाठी एक स्तोत्र म्हणशील का? आणि मी, शास्त्र मुखोद्गत असलेला, म्हणालो की ज्याने श्वास घेतला नाही त्याची सभा होत नाही. हे वाक्य मी दोन दिवसांत विसरलो. तिने त्याचं गाणं केलं.

परवाच्या शनिवारी सभेत मी खुर्ची सोडून खाली बाकासमोर उभा राहिलो आणि क्षमा मागितली. न ऐकता बोललो याबद्दल. हार्गिस उठला. "मग मे महिन्यात तुम्ही आम्हाला रडवलंत ते कशासाठी?" मी म्हणालो, माझा आवाज मला आवडतो म्हणून. तुझं नाव परत घ्या असं मी मागितलं, पण बाहेर गेलेल्याने स्वतः येऊन मागावं असा नियम आहे, आणि तो पंधरा वर्षांपूर्वी मीच बोलून बोलून पक्का करून घेतला होता. तेव्हा तुझं नाव अजून बाहेरच आहे. तू येऊन क्षमा मागावीस असं मी म्हणणार नाही. तू काही केलेलं नाहीस. सभा चालवायचं काम मी सोडलं. पण टेकडी चर्चची नाही, आपली आहे. तिथे यादी नसते. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिथे तुझ्या भावाची सभा आहे. प्लेझ आणि एल्झीने झुडपं तोडून वाट केली. आपल्यात बाई ओळ देत नाही म्हणून हार्गिस कुरकुरला, तर रोडा मावशी म्हणाली, "मग तू घरी बस, मी आंधळी आहे, बहिरी नाही, मला तिची ओळ ऐकायचीय." तू ओळ द्यायची. मी खाली लोकांत उभा राहीन आणि उचलीन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. मी नवा दगड आणलाय. कोरणारा दोन आठवड्यांनी येईल, आणि त्याला काय सांगू ते मला माहीत नाही. त्या दिवशी मी निघताना रोडा मावशी म्हणाली, डेल्सीने त्याला नाव ठेवलं होतं. मावशीलाही तिने ते सांगितलं नाही. म्हणाली होती, "आधी त्याच्या बापाला सांगेन, तो विचारेल तेव्हा." मी तेरा वर्षं तिच्यासमोर बसून विचारलं नाही, आणि मग ती गेली. रेकॉर्डच्या शेवटी तू जिथे एवढा वेळ गप्प राहतेस, तिथे आम्हाला काय गायचं ते कळेना, कारण ती ओळ आम्हाला दिलेलीच नाही. ती तुझ्याजवळ आहे, असं मला वाटतं. आईने तुला सांगितलं असेल, तर मला लिही. नसेल सांगितलं, तर तेही लिही, म्हणजे दगड कोराच ठेवीन आणि त्याच्यापुढे कोराच उभा राहीन. एकोणीस वर्षं उशिरा विचारतोय, ड्रेमा. माझ्या मुलाचं नाव काय?

तुझ्या ओळीची वाट बघणारा, तुझाच
डॅडी