नाव बदलण्याआधी

सेम्बावांग, रविवार

प्रिय टॅमसिन,

गुरुवारी वकिलाकडे जाऊन नाव बदलणार, लग्नाच्या पत्रिकेवर मैत्रेयी छापणार, असं तू फोनवर सांगितलंस आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई रुसली. नाही गं. बोलताच येईना, म्हणून लिहितेय. शनिवारच्या मराठी वर्गाला रडत जायचीस, त्याचा आज उपयोग होईल. सावकाश वाच.

तुझं म्हणणं खरं आहे. रुचिरच्या घरचे विचारतात, मुलगी ख्रिश्चन आहे का? मंडळाच्या गणपतीत सव्वीस वर्षं मीही तेच ऐकतेय. विनीताआत्या तर पुण्यात सगळ्यांना सांगत सुटली, सिंगापूरला जाऊन वहिनीला शिंगं फुटली. मैत्रेयी हे नाव तिनंच निवडलं होतं, बारशाला तुझ्या कानातही सांगितलं होतं. बाबा तेव्हा जहाजावर होते. जन्मनोंदणीचा फॉर्म मी एकटीनं भरला आणि त्यावर भलतंच नाव लिहून आले. चार महिन्यांनी बाबा घरी आले, सर्टिफिकेट पाहिलं आणि घडी घालून कपाटात ठेवून दिलं.

ते नाव माझ्या वॉर्डातल्या एका नर्सचं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलकडची, लालबुंद गालांची बाई. तिच्या आजीचंही तेच नाव. हल्ली तिकडेही फारसं कुणी ठेवत नाही म्हणाली. थॉमसचं मुलीसाठी केलेलं जुनं रूप, आणि थॉमस मूळचा अरामी शब्द, त्याचा अर्थ जुळा. हे तिनं मला खाटेशी बसून, हात धरून सांगितलं. कारण तुम्ही दोघं होतात, टॅमसिन. तुझ्याआधी नऊ मिनिटं तुझा भाऊ आला. तो रडला नाही.

त्याला पोचवण्यापासून सगळं आत्यानं निस्तरलं, ते मी नाकारत नाही. पण तिनं बजावलं, त्याचा विषय काढायचा नाही, या पोरीला दृष्ट लागेल. मी दोन कुंच्या शिवल्या होत्या. बारशाला आपल्यात वरवंट्यालाही बाळासारखं सजवून पाळण्यात ठेवतात. आत्यानं पुण्याहून बॅगेत घालून आणलेल्या वरवंट्याला ती दुसरी कुंची घातली. तिच्या मनात काही नव्हतं, हाताला लागली ती घातली. सगळ्या जणी हसत होत्या, तो दगड तुझ्या शेजारी निजला होता, आणि मला वाटलं, आत्ता किंचाळेन. मी हसले. फोटोत दिसतंय. दोन दिवसांनी जाऊन फॉर्म भरला.

बाबांना अर्थ अजून माहीत नाही. त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही, रागानं म्हण हवं तर. तुझ्यापासून लपवलं ते मात्र भीतीनं. आपण कुणाच्या तरी वाट्याचं जगतोय असं तुला वाटू नये. चुकलंच माझं.

बदल हवं तर नाव. मैत्रेयी छान आहे, आणि नाव तुझं आहे. खोटं कशाला बोलू, बदलू नयेस असं मला फार वाटतं. त्याची दुसरी कुठलीच खूण माझ्याजवळ नाही. पण सहीआधी एक कर, बुधवारी घरी ये. तो कसा दिसत होता, ते मला विचार. सव्वीस वर्षांत कुणीच विचारलं नाही.

तुझीच,
आई