माय, तू मले मधात उभी राहू दिली नाही

माय, तू गेली त्याले चौदा वर्षं झाली, अन् आज मले तुझ्यावर राग येऊन राहिला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू दे. नवरा राईस मिलवर गेला, पोरगी शाळेत गेली, फुलचूरच्या या खोलीत मी एकटीच आहो. कुवेतहून येऊन चार दिवस झाले.

मले तो धानाच्या बांधीतला दिवस आठवते. मी बारा वर्षांची. चिचगडले तुझ्यासंग पहिल्यांदाच रोवणीले आली होती. बाया एका पातीत, रांगेनं वाकून धानाचे पऱ्हे लावून राहिल्या, मागं मागं सरकून राहिल्या, अन् मी मधातच कंबर सरळ केली. लगेच एक बाई म्हणते, "पाहा वो, तहसीलदारीण उभी झाली! खुर्ची आणा तिले." सगळ्या हासल्या. तू नाही हासली. तू म्हणाली, "वाक. एक उभी झाली का पात तुटते. पात संपवून धुऱ्यावर गेल्यावर काय मरायचं ते मर." मी वाकली. मग कधी मधात उभी झालीच नाही मी.

कुवेतले दोन वर्षांच्या करारावर गेली तवा पोरगी तीन वर्षांची होती. तिथं धुणं, भांडे, चार लेकरं, अन् मॅडमच्या सासूले उचलून आंघोळ घालायची. एक दिवस म्हातारीचं डोकं माझ्या छातीले लागलं अन् अशी कळ आली! हात लावून पाह्यलं त डाव्या बाजूले गाठ, चिंचोक्याएवढी. बाजूच्या घरी आंध्राची एक बाई कामाले होती, आम्ही कचरा टाकायले संगच जाऊ. ती म्हणे, "अक्का, बोल दे मॅडम को."

मी म्हटलं, "बोलूंगी तो भगा देगी. करार पूरा होने दे."

"पागल है क्या? करार से पहले तू पूरी हो जाएगी."

मी ऐकलं नाही. दोन वर्षं म्हणजे एक पातच समजली मी. चिंचोक्याचं लिंबू झालं. नवरा फोनवर विचारे, "बरी आहेस ना वो?" मी म्हणे, "मस्त." शेवटी म्हातारीले उचलताना माझ्या तोंडातून आवाज निघाला, अन् तिनंच सुनेले सांगतलं. मॅडम पहिले ओरडली, हा रोग लेकरायले लागते का म्हणून. मग दुसऱ्याच दिवशी मले दवाखान्यात नेलं, अन् येताना गाडीत रडली. पहिल्याच दिवशी सांगतलं असतं त इथंच इलाज केला असता, म्हणाली. मग तिकीट काढून घरी धाडलं. आता सांग, तिच्यावर मी काय चिडू?

तुझंही तसंच. पोट दुखून राहिलं तरी रोवणी संपू दिली तू. गोंदियाले नेलं तवा डॉक्टर बाबाले म्हणाला, "इतके दिवस काऊन थांबले?" मी पंधरा वर्षांची, तुझ्या चपला हातात धरून उभी. कोणाची पात होती माय ती? मालकाची ना? तुटली असती त तुटली असती! तू गेल्यावर माझी वेणी कोणी घालून देल्ली, माहीत आहे? कोणीच नाही. आता माझी पोरगी मांडीवर येते, तिले मी उजव्या बाजूलेच घेतो, अन् मले भेव लागते.

काल मी डॉक्टरणीसमोर बसली होती, नवरा बाजूले उभा. ती म्हणाली, "गाठ कधीपासून आहे?" नवऱ्यानं माझ्याकडं पाह्यलं. माझ्या तोंडातून निघालं, "दोन महिने." तिनं तसंच लिहून घेतलं. परवा तोच कागद घेऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आहे.

अकरा महिने झाले, माय. हे नवऱ्याले माहीत नाही, डॉक्टरणीलेही नाही. तुले सांगतलं, कारण तू कोणाले सांगू शकत नाहीस.