आतून न उघडणारं दार

बुधवार, संध्याकाळ

आज दिंडोशीच्या नव्या टॉवरमध्ये दरवाजांची सिस्टीम चालू केली. वॉचमन लोकांना शिकवलं, बाहेरून येणाऱ्याकडे कार्ड मागा, अंगठा मागा, पण आतल्या माणसाला दार कायम उघडता आलं पाहिजे. हा पहिला नियम, असं मीच तीनदा बजावलं.

आणि घरी? घरच्या दाराला मी आतूनही अंगठ्याचं कुलूप बसवलंय. ते माझ्या अंगठ्याने उघडतं, नाहीतर बाबांना दिवसभर सांभाळणाऱ्या मंदाताईंच्या. बाबांचा अंगठा मी त्यात घातलेलाच नाही. विसरायला लागल्यापासून दोनदा एकटेच खाली उतरले, दुसऱ्यांदा तर हायवेवर सापडले. मग दुसरं काय करणार होतो? रोज हेच विचारतो स्वतःला.

मी आलो तशा मंदाताई निघाल्या. "दादा, दुपारपासून चपला घालून बसलेत. काढूच देत नाहीत."

बाबा दाराजवळच्या स्टुलावर होते. चपला पायात, हातात रिकामी पिशवी. मी खाली बसून चपला काढायला गेलो तर त्यांनी पाय मागे घेतला. माझ्याकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्हीपण अडकलात का?"

मी नुसती मान डोलावली.

"घाबरू नका," बाबा म्हणाले. "माझा मुलगा येईल आता. त्याला उघडता येतं हे दार."

तास झाला. चपला अजून त्यांच्या पायात आहेत. मीही बूट काढलेले नाहीत.