डावीकडचं घड्याळ

१२ ऑगस्ट १९८४, रविवार

घड्याळ बुडालं! काल माल्टाहून गोझोला आलो आणि आज पहिल्याच डुबकीत मनगटासकट समुद्रात. काचेआड बुडबुडा फिरतोय, काटे बारा-दहावर मेलेत. टेलिफोन केंद्रात बावीस वर्षं अख्ख्या देशाला वेळ सांगणारी ही चेन्सा, आणि सुट्टीत स्वतःच बिनघड्याळाची. कार्मेना म्हणाली, "माझं आहे ना! मोठ्या बहिणीच्या वेळेनं चाल आठवडाभर." सेहेचाळीस वर्षं दुसरं काय केलंय?

१३, सोमवार

किल्ला चढलो. कार्मेना दर दहा पायऱ्यांनी म्हणे, "थांब गं, जरा देखावा बघू." देखावा कसला, धाप! मग मिठागरं. मीठ चाखून बघितलं. खारट आहे.

१४, मंगळवार

आज आतल्या समुद्रावर. कड्यांनी वेढलेलं तळंच ते, पण बोगद्यातून होडी थेट खुल्या समुद्रात निघते. नावाडी विस्तिन — पन्नाशीचा, लग्न न झालेला (कार्मेनानं पाच मिनिटांत काढून घेतलं). बोगद्यात मी काठ घट्ट धरून बसलेली. तो म्हणाला, "घाला हात पाण्यात. इथं काही चावत नाही."

"गोझोच्या माणसांचा काय भरवसा?" मी म्हटलं.

एवढा हसला की वल्हं हातातून सुटलं. बाहेर आलो तर ऊन, वारा, निळं पाणी. कार्मेना चक्क गप्प बसली. हे पूर्वी कधी घडलेलं नाही.

१५, बुधवार

सांता मारियाचा सण. बँड, फटाके, जिकडेतिकडे बदामाची मिठाई. गर्दीत विस्तिन, इस्त्रीच्या शर्टात! वल्ह्याशिवाय त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"उद्या संध्याकाळी सहाला या. एकट्या. उन्हं उतरताना बोगद्याबाहेर नेतो. एक विचारायचंय." मग बुटाकडे बघत म्हणाला, "आला नाहीत तर मी समजेन. पुन्हा त्रास देणार नाही."

काय विचारायचंय ते न कळायला मी काय पाच वर्षांची आहे? आईच्या आजारपणात वीस वर्षं गेली. ती गेल्यावरही कुणी काही विचारलं नव्हतं. मला जायचंय. लिहूनच ठेवते — मला जायचंय!

१६, गुरुवार

गेले, आणि पोचले नाही. अशी मूर्ख बाई दोन्ही बेटांत सापडायची नाही.

दुपारी जेवून झोपले. कार्मेना घड्याळासकट शेजारणीकडे तांबोळा खेळायला गेलेली. उठून खिडकीतून चर्चकडे बघितलं. दोन मनोरे, दोन घड्याळं. डावीकडच्यात पावणेपाच. वा, भरपूर वेळ! केस धुतले. झगा बदलला. पुन्हा पहिलाच घातला. आणि घंटा वाजायला लागली. मोजली — सात!

आमच्या गावात डावीकडचं घड्याळ खरं आणि उजवीकडचं नुसतं रंगवलेलं, सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. जन्मापासून मान डावीकडेच वळते. या गावात उलटं! गेले पाच दिवस कार्मेनाचं घड्याळ हाताशी होतं, वर बघायची वेळच आली नव्हती. सैतान राहिला बाजूला, फसले मी.

उतारावरून धावले. चप्पल तुटली. खाली त्याची होडी वर ओढलेली, वल्ही नेलेली, कुणी नाही.

कार्मेनाला सांगितलं तर पोट धरून हसली. हसता हसता माझ्याकडे बघितलं आणि थांबली. मग पाणी आणून दिलं.

१७, शुक्रवार

वारा. एकही होडी बाहेर नाही. खाली त्याचा भाऊ जाळं विणत होता. "विस्तिन? काल सव्वासहापर्यंत हसत होता. पावणेसातला होडी ओढली. आज पहाटेच मामाकडे गेला, पलीकडच्या गावाला."

परक्या माणसाला काय सांगणार, की बाई खोटं घड्याळ बघत बसली होती? खोलीवर येऊन रडले. पिशवी भरली. उद्या दहाची बोट.

कार्मेना मात्र पावासाठी बेकरीत गेली आणि तासाभरानं आली. "एवढा वेळ?" "गप्पा मारल्या." माझी फजिती अख्ख्या गावाला सांगून आली! मी तिच्याशी बोलत नाहीये.

१८, शनिवार

धक्क्यावर विस्तिन उभा. सायकलवरून आलेला, घामाघूम. "बेकरीवालीनं मामाकडे निरोप धाडला," म्हणाला. मग एकदम: "आमच्या घड्याळात अजून पावणेपाचच वाजलेत, चेन्सा. तुला यायला सव्वा तास आहे."

बोटीवर कार्मेना एकटीच चढली. वरून मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे टाकायला निघाली. नको म्हटलं.