लक्ष्या विकला, आबा

प्रिय आबा,

'प्रिय' लिहावं की नको, यातच चहा गार झाला. पण आज लिहायलाच पाहिजे. तुमचा शर्यतीचा बैल लक्ष्या आज सकाळी मी विकला. गावातलं कुणी ना कुणी तिकडं येईल आणि तुम्हाला तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी माझ्या तोंडून ऐका.

आणि विकला कुणाला? जतच्या बिराप्पाला. होय, त्यालाच.

मी बारावी झाले तेव्हा तो लक्ष्याला मागायला दारात आला होता, आठवतं का? मामानं माझ्या बारशाला दिलेल्या कालवडीच्या वंशातला हा खोंड. "सुवर्णाच्या कालेजाला ह्योच," असं तुम्हीच आईला सांगितलं होतं. सांगलीत इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला होता. बिराप्पा देत होता त्यात फी, हॉस्टेल, सगळं भागत होतं. पण आदल्याच आठवड्यात लक्ष्यानं पहिलं मैदान मारलं होतं. तुमच्या टोपीवरचा गुलालसुद्धा निघाला नव्हता.

"जीव गेला तरी बिराप्पाच्या दावणीला बांधनार न्हाई," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडं वळून, "कालेज कुटं पळून जातंय? पुढल्या वर्षी बघू."

ते पुढलं वर्ष आलंच नाही. लक्ष्याला बदाम, तूप, दूध आणि मी साताऱ्याला एमआयडीसीत दिवसभर उभी राहून खोकी बांधायची. माझ्या पगाराची पेंड खाऊन तो पळायचा आणि तुम्ही मिशीला पीळ द्यायचात. लाज नाही वाटली कधी?

वर तुम्हाला माझं नाव लकी! प्रत्येक मैदानात भोंग्यावर पुकारायला लावायचात, "कुमारी सुवर्णा यांचा लक्ष्या." मैत्रिणी म्हणायच्या, किती लाडाची गं तू. मला ते ऐकून कानावर हात ठेवावेसे वाटायचे. कधी विचारलंत?

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले. खोटं कशाला बोलू? पण त्यातलं निम्मं रडू रागाचं होतं. भांडायच्या आधीच निघून गेलात.

मग सोनीचा नंबर लागला. तुमच्या धाकटीचा, सांगलीला नर्सिंगला. फी भरायची मुदत आजचीच होती. तुमचे भाऊ, आपले तात्या, म्हणाले, "आबाच्या नावानं यंदाचं साल लक्ष्या पळू दे. सोनीचं पुढल्या वर्षी बघू."

तेच शब्द आणि तोच सूर. सोनी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी तिथल्या तिथं बिराप्पाला फोन लावला.

आज तो टेम्पो घेऊन आला, तर तात्या लक्ष्याचं दावं धरून दारात आडवे. "बैल इकनारी तू कोन?" मी बोलायच्या आत बिराप्पाच बोलला, "आवं तात्या, भोंग्यावर कुणाचं नाव घेत हुता? समदा तालुका ह्येला सुवर्णाचा बैल म्हणून वळखतो." जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "व्हय, ते खरं हाय." तात्यांनी दावं सोडलं.

बघा, माझं नाव गावोगाव तुम्हीच पोचवलंत. ते असं कामाला येईल असं तुमच्या ध्यानीमनी तरी होतं का?

आईनं लक्ष्याला ओवाळलं. टेम्पोत चढताना त्यानं मागं वळून बघितलं, तेव्हा मला वाईट वाटलं. पण ते त्याच्यासाठी, तुमच्यासाठी नाही. दुपारी सोनी आणि मी सांगलीला जाऊन फी भरून आलो.

आता एक शब्द देते, आणि तो मी तुमच्यासारखा पुढल्या वर्षावर ढकलणार नाही. तुमच्या फोटोशेजारच्या शर्यतीच्या ढाली उद्याच उतरवणार. फोटो तिथंच ठेवीन. समोरच्या भिंतीवर सोनीची डिग्री लावीन आणि तिच्या शेजारी माझ्या डिग्रीची जागा मोकळी ठेवीन. सोनी कमावती झाली की मीही कॉलेजात जाणार आहे. तोवर त्या मोकळ्या जागेकडं बघत बसा. आता तुम्हाला तोंड फिरवता येणार नाही.

भोंग्यावर जिचं नाव घेत होतात ती,
सुवर्णा