आग लागल्यावर हळू कोण बोलतं?

शनिवार, १४ डिसेंबर १९९६. नावडे.

आज ऑफिसात आमच्या कदमसाहेबांशी वाद झालाच. बाबा कामाला आहेत त्या कारखान्यातल्या अग्निशमन पथकाला, खात्याखात्यांत ठेवायला, आमचे नवे वायरलेस सेट सोमवारी जायचे आहेत. तिथे जुने सेटही चालू राहणार. नव्या सेटची बँडविड्थ, म्हणजे आवाज जायचा-यायचा पट्टा, आम्ही पाठवायला आणि ऐकायला सारखीच अरुंद ठेवली. पाठवायला अरुंदच हवी, तो नियम आहे. पण ऐकायला? जुन्या सेटवर कोणी जोरात बोललं की तो आवाज त्यात मावत नाही, शब्द तुटतात.

"टेस्टला पास झालेत ना?" साहेब म्हणाले.

झालेच. टेस्टला आम्ही आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे "हॅलो, वन टू थ्री" म्हणतो. आग लागल्यावर असं हळू कोण बोलतं?

शेवटी मीच जुना सेट घेऊन खाली गेले आणि जीव खाऊन ओरडले, "टाकी फुटली, पळा!" वॉचमन खरंच पळाला. वर साहेबांच्या नव्या सेटवर नुसती खरखर. मग वर येऊन त्याची फक्त ऐकायची बँडविड्थ वाढवली, खाली जाऊन पुन्हा ओरडले. या वेळी वर शब्द न् शब्द ऐकू आला.

"बस कर बाई, कळलं! उद्या येऊन सगळे सेट बदल." मग हसून म्हणाले, "वडील तिथे नसते तर एवढी ओरडली असतीस?"

"हो," म्हटलं. पण म्हणायला जरा उशीर झाला. तेच संध्याकाळपासून डोक्यात आहे. असते ना ओरडले? आग लागल्यावर तर सगळेच ओरडतात.

उद्या सगळे सेट बदलायचे. बाबांच्या खात्यात कोणता जाणार, ते विचारणार नाही.